स्कोअरशीटवर नसलेला रकाना

बास्केटबॉलचा सामना संपला की खेळाडूंची पहिली गर्दी होते ती स्कोअररच्या टेबलाभोवती. कुणाचे किती गुण झाले, पाचवा फाउल कुणाला भोवला, याचा हिशेब तिथेच सुरू होतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांना नागपूरबरोबरच वर्धा, भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांचे संघ येतात. अशा स्पर्धा अनेकदा दोन-तीन दिवसांत उरकल्या जातात. त्यामुळे चांगला खेळणाऱ्या संघाला लागोपाठ सामने खेळावे लागतात आणि त्या संघातल्या चांगल्या खेळाडूला सगळ्यांत जास्त.

त्याची नोंद मात्र कुठेच होत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांच्या स्कोअरशीटवर पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल शाईने, तर दुसरा आणि चौथा निळ्या किंवा काळ्या शाईने लिहितात. कुणी कोणत्या क्वार्टरमध्ये किती गुण केले, किती फाउल केले, राखीव खेळाडूंपैकी कोण मैदानात उतरले, एवढे त्यावरून कळते. किती शॉट हुकले, किती रिबाउंड मिळाले, चेंडू किती वेळा हातचा गेला हे कळत नाही. कोण किती मिनिटे खेळले, हेही नाही.

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन सामन्यांनंतर प्रसिद्ध होणाऱ्या ‘बॉक्स स्कोअर’मध्ये या सगळ्याचे रकाने असतात. प्रेक्षक गुणांचा रकाना पाहतात. संघाच्या डॉक्टरने आधी मिनिटांचा पाहावा. सामना ४० मिनिटांचा, मैदानात एका वेळी पाच खेळाडू, म्हणजे संघाची एकूण मिनिटे २००. जादा वेळ झाला नाही तर ही बेरीज बदलत नाही. बदलते ती वाटणी. बाकावर सात जण बसलेले असताना दोघी-तिघीच पूर्ण ४० मिनिटे खेळल्या असतील, तर तो संघ जिंकूनही धोक्यात आहे.

या ४० मिनिटांत शरीराचे काय होते? ऑस्ट्रेलियातल्या अव्वल पुरुष खेळाडूंवरचा १९९५ सालचा एक अभ्यास या विषयात नेहमी सांगितला जातो. त्यात एका सामन्यात हालचालीचा प्रकार सुमारे एक हजार वेळा बदलला होता, म्हणजे सरासरी दर दोन सेकंदांनी. धाव, थांब, उडी, आडवे सरकणे, पुन्हा धाव. प्रत्यक्ष खेळाच्या सुमारे तीन चतुर्थांश वेळात हृदयाचे ठोके कमाल पातळीच्या ८५ टक्क्यांहून वर होते. ही उष्णता शरीर घामावाटे बाहेर टाकते आणि पाण्याचा तोटा तिथून सुरू होतो.

अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १७ खेळाडूंना सामन्यासारख्या कवायती करायला लावल्या. कधी पाण्याची पूर्ण भरपाई केली, कधी वजनाच्या १ ते ४ टक्के पाणी घटू दिले. घट वाढत गेली तसे यशस्वी शॉट कमी होत गेले आणि धाव मंदावली. २ टक्क्यांच्या घटीपासून फरक स्पष्ट दिसू लागला. ६० किलोच्या खेळाडूसाठी २ टक्के म्हणजे सव्वा किलोही नाही. उष्ण हवेत जोरदार खेळताना तासाला लिटरभर किंवा त्याहून अधिक घाम सहज जातो.

आणि ही हवा नागपूरची. मे २०१३ मध्ये इथे ४७.९ अंश तापमानाची नोंद झाली होती. मे महिन्यात कुणी भरदुपारी सामने ठेवत नाही हे खरे. पण उन्हाळी शिबिरे त्याच दिवसांत भरतात आणि दिवसभर तापलेले सिमेंटचे कोर्ट संध्याकाळीही उष्णता सोडत असते. पावसाळ्यानंतरची ऑक्टोबर हीट वेगळीच. त्या दमट उकाड्यात घाम येतो, पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही.

म्हणून चौथ्या क्वार्टरचे शॉट वेगळे मोजावेत. दमलेल्या पायांचा शॉट रिंगच्या पुढच्या कडेवर आपटतो, असे प्रशिक्षक सांगतात. त्या वेळी ‘दबावाखाली ढेपाळली’ असा शिक्का मारणे सोपे असते. बाटली रिकामी होती का, हे कुणी विचारत नाही.

मात्र एका सामन्यावरून काहीच ठरवू नये. नेहमी ४० टक्के शॉट घालणारी खेळाडू दहा शॉट घेते असे समजा. केवळ योगायोगाने सहापैकी एका सामन्यात तिचे सहा किंवा अधिक शॉट पडतील आणि सहापैकी एका सामन्यात दोन किंवा त्याहून कमी. पहिल्या दिवशी ती स्टार ठरेल, दुसऱ्या दिवशी बाकावर जाईल. प्रत्यक्षात तिच्यात काहीच बदललेले नसेल. हंगामभराचे शेवटचे क्वार्टर एकत्र केले तरच त्या आकड्यांना काही अर्थ येतो.

मिनिटांचा संबंध गुडघ्याशीही आहे. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध बास्केटबॉलमध्ये मुलींचा मुलांपेक्षा कित्येक पट अधिक दुखावतो, आणि बहुतेकदा कुणाचा धक्का न लागता, उडीवरून उतरताना किंवा झटकन दिशा बदलताना. दमलेले स्नायू अशा वेळी गुडघा नीट सावरत नाहीत, असे अनेक तज्ज्ञ मानतात. उडीवरून योग्य प्रकारे उतरणे, तोल आणि मांड्यांची ताकद यांचा सराव वॉर्म-अपमध्ये नियमित केला तर ही दुखापत बरीच टळते. शस्त्रक्रियेनंतर मैदानात परतायला नऊ महिने किंवा अधिक लागतात. पदवीच्या तीन वर्षांतले एक असे जाते.

यातल्या कशालाही महागडी यंत्रणा लागत नाही. बाकावरच्या एका खेळाडूने वहीत पाच जणींची आत-बाहेरची वेळ टिपली की मिनिटांचा रकाना तयार. सामन्याआधी आणि नंतर साध्या काट्यावर वजन केले की घामाचा हिशेब लागतो. वजन एक किलो घटले तर पुढच्या काही तासांत साधारण सव्वा ते दीड लिटर पाणी थोडे थोडे, जेवणातल्या मिठासोबत पोटात जायला हवे. वजन वाढलेले दिसले तर पाणी गरजेपेक्षा जास्त झाले. तेही रक्तातले सोडियम उतरवून घातक ठरू शकते.

आणि उन्हात खेळताना कुणी असंबद्ध बोलू लागले, झोकांड्या खाऊ लागले, तर घाम येत असला तरी उष्माघात समजावा. खेळाडूला सावलीत आणून अंगावर भरपूर गार पाणी ओतावे, बर्फ असेल तर तोही वापरावा, आणि त्याच वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.