स्टिअरिंगचा दांडा तापतो. दोष नेमका कुठे?

परभणी, जिंतूर, गंगाखेड, पाथरी, सेलू या भागात जुन्या अँबेसडर, पद्मिनी व जीप गाड्या हौसेने जपणारे मालक आजही आहेत. कुर्ल्याच्या कारखान्यातील पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले आणि उत्तरपाड्याची अँबेसडर २०१४ साली बंद झाली. या गाड्यांची कामे आता मोठी शोरूम घेत नाहीत. ती आपल्या मिस्त्री बांधवांकडेच येतात. म्हणून उन्हाळ्यात हमखास येणाऱ्या एका तक्रारीबद्दल आम्ही आज लिहीत आहोत. ती म्हणजे, "गाडी थोडी चालली की स्टिअरिंगचा दांडा हाताला पोळतो."

अशा वेळी बहुतेक ठिकाणी रेडिएटर उतरवला जातो. पैसे खर्च होतात, पण दांडा तापतच राहतो. कारण इंजिन तापणे ही एक गोष्ट आणि इंजिनची उष्णता दांड्यापर्यंत पोहोचणे ही दुसरी. पार्ट बदलण्यापूर्वी उष्णता कोणत्या वाटेने येते हे शोधले पाहिजे. वाटा तीनच आहेत : लोखंडातून, गरम हवेबरोबर, किंवा तापलेल्या मॅनिफोल्डची थेट झळ.

आधी विचारा, मग मोजा

गाडी चालताना दांडा तापतो, की उभी केल्यावर? इंजिन बंद होताच पंखा व पाणी दोन्ही थांबतात आणि आतली उष्णता दहा-पंधरा मिनिटे वर चढत राहते. तेवढ्यापुरता दांडा गरम होणे हा दोष नव्हे. चालताना तापत असेल तर पाण्याचा काटा पाहा. काटाही चढत असेल तर आधी रेडिएटर, थर्मोस्टॅट, पंख्याचा पट्टा व पाण्याचा पंप तपासा. गरम रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नका. काटा जागेवर असून दांडा पोळत असेल तर रेडिएटरला हात लावण्याचे कारण नाही.

हाताच्या अंदाजावर विसंबू नये. हातात धरायचे इन्फ्रारेड थर्मामीटर आता सहज मिळते. चकचकीत धातूवर ते खोटे कमी तापमान दाखवते, म्हणून दांड्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर मोजावे. बाहेरच्या हवेचे तापमान वजा करायला विसरू नये. समजा, मे महिन्यात हवा ४३ अंश व दांडा ६२ अंश आहे, तर फरक १९. डिसेंबरात हवा २६ व दांडा ४५ असेल, तरी फरक १९ च. म्हणजे गाडी बिघडलेली नाही, ऊन वाढले आहे. हा हिशेब गिऱ्हाइकाला समजावून सांगितला तर त्याचा नाहक खर्च वाचतो.

वाट शोधण्याच्या खुणा

एक : इंजिन व बसण्याची जागा यांमधल्या पत्र्यातून दांडा जिथे आत येतो, तिथले रबर पाहा. जुने रबर कडक होऊन फाटते आणि पंख्याची गरम हवा सरळ चालकाच्या पायावर येते. अंधारात बॉनेटखाली दिवा लावून आतून पाहिले की फट उजेडाने दिसते.

दोन : थंड इंजिन सुरू करताना टक-टक आवाज येतो व लोखंड तापले की कमी होतो का? पॅकिंगजवळ काजळीचा डाग आहे का? असेल तर मॅनिफोल्डचे पॅकिंग गेले आहे किंवा त्याला तडा आहे. हा दोष उद्यावर टाकू नये. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही; डोके दुखते, चक्कर येते आणि माणूस जीवही गमावतो. ही तपासणी बंद गॅरेजमध्ये करू नये.

तीन : मॅनिफोल्ड संध्याकाळच्या अंधारात लालसर दिसत असेल तर टायमिंग मागे आहे, कार्बोरेटरमधून पेट्रोल कमी जाते, किंवा सायलेन्सर तुंबला आहे. पत्रे लावून हे झाकू नये.

चार : धुराचा पाइप दांड्याच्या बाजूला आहे का? पेट्रोलच्या गाडीत मागून डिझेल इंजिन बसवले असेल तर पाइप नव्या वाटेने नेलेला असतो आणि कधी दांड्याला जवळजवळ टेकतो. मूळ बनावटीचा संरक्षक पत्रा त्याच वेळी काढून टाकलेला असतो. पाइप व दांडा यांच्या मध्ये, दोघांनाही न टेकवता, पत्रा तात्पुरता बांधा. त्याच रस्त्यावर, तितकीच गाडी चालवून पुन्हा मोजा. फरक ठळकपणे घटला तर वाट सापडली.

एका वेळी एकच बदल करावा. दोन कामे एकदम केली तर कोणत्या कामाने गुण आला हे कळत नाही आणि बिल मात्र दोन्हींचे होते.

काय करू नये

दांड्याला गोणपाट किंवा रेक्झिन गुंडाळू नका. त्यात तेल मुरते आणि पेट घेते. हॉर्नची व इंडिकेटरची वायर त्याच दांड्याजवळून जाते. तिचे आवरण वितळले तर शॉर्ट होऊन गाडी जळू शकते. जुन्या पाइपावरचे अॅस्बेस्टॉस कोरडे खरवडू नका, त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. पद्मिनीत व जुन्या अँबेसडरमध्ये गियरची दांडीही स्टिअरिंगवरच असते, म्हणून उष्णतेने पातळ झालेले ग्रीस व झिजलेले बुशही पाहून घ्यावेत.

मालकांनाही एक सूचना. इंजिन बदलायचे तर आर.टी.ओ.ची परवानगी लागते. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरील गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद होते, पण चासी, बॉडी वा इंजिनात फेरफार केलेला नसावा लागतो. तेव्हा दांडा तापतो म्हणून इंजिनच बदलण्याचा सल्ला कोणी दिला तर घाई करू नये.

शेवटी मिस्त्री बांधवांना एवढेच सांगायचे आहे की, रबराच्या एका तुकड्याने काम होत असेल तर तेवढेच करा आणि तेवढेच पैसे घ्या. आज बिल लहान होईल, पण ते गिऱ्हाईक पुढची गाडी तुमच्याच दारात आणील.