जुनी गाडी, रोजचा रस्ता आणि ट्रॅक : शॉकअप निवडायचे कसे?

इंदूर, बडोदा, हैदराबाद, दिल्ली, जिथे कुठे असाल तिथून तुम्ही हा प्रश्न मला विचारत असता : "गाडी वीस-पंचवीस वर्षांची आहे. रोज ऑफिसला नेतो, वर्षातून दोन-चारदा ट्रॅकवर पळवतो. शॉकअप बदलायचे आहेत. कोणते टाकू?"

आधी माझी गाडी सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं कशावर बेतलंय ते कळेल. मी बंगळूरला राहतो. माझ्याकडे १.३ लिटरची जुनी मारुती एस्टीम आहे. ट्रॅक-डे असला की मी ती चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला नेतो, तिथला ट्रॅक ३.७ किलोमीटरचा. कधी कोइमतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेला. तो छोटा, २.१ किलोमीटरचा. दोन्हीकडे जायला तीनशे किलोमीटरच्या वर-खाली प्रवास आहे आणि गाडी ट्रेलरवर नाही, स्वतःच्या चाकांवर जाते. दिवसभर लॅप मारायचे आणि संध्याकाळी त्याच शॉकअपवर घरी यायचं. सोमवारी त्याच गाडीच्या मागच्या सीटवर आई बसणार असते.

म्हणून माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. अशा गाडीला ट्रॅकचे शॉकअप रस्त्यावर चालवून घेऊ नका. रस्त्याचे चांगले शॉकअप घ्या, जे ट्रॅकवरही टिकतील. असं का, ते आता बघू.

शॉकअप गाडी पेलत नाही

गाडीचं वजन पेलते स्प्रिंग. शॉकअप फक्त स्प्रिंगची हालचाल आवरतो. आत तेल असतं, पिस्टन असतो आणि पिस्टनमध्ये बारीक छिद्रं व झडपा. पिस्टन जितक्या वेगाने हलेल तितका तेलाचा विरोध वाढतो. त्यामुळे गाडी उभी असताना शॉकअप कडक आहे की मऊ, हे हाताने दाबून फारसं कळत नाही. बॉनेट दाबून "किती वेळा उसळली" हे मोजण्याची जी पद्धत आहे, तिच्यात पूर्ण मेलेला शॉकअप पकडला जातो. अर्धा मेलेला सहज पास होतो.

अर्धा मेलेलाच धोक्याचा. तो हळूहळू खराब होतो आणि आपल्याला त्याची सवय होत जाते. टायरवर ठरावीक अंतराने खोलगट झीज दिसणं, ब्रेक मारल्यावर नाक जास्त खाली जाणं, उड्डाणपुलाच्या सांध्यावर गाडी एकदाऐवजी दोनदा डुलणं, नळीवर ओलं तेल दिसणं, ही खरी लक्षणं. टायर उडत असेल तर तो रस्ता धरत नाही, आणि जो टायर रस्ता धरत नाही तो ब्रेकही लावत नाही. माझ्या गाडीला एबीएस नाही. खडबडीत रस्त्यावर चाक क्षणभर हलकं झालं तर ते तिथेच लॉक होतं.

दोन वेग, दोन दिशा

शॉकअप घेताना दुकानात एकच प्रश्न विचारला जातो : "कडक पाहिजे की मऊ?" खरं तर प्रश्न चार आहेत.

पहिली गोष्ट वेगाची. हा गाडीचा वेग नाही, पिस्टनचा. वळणावर गाडी कलते किंवा ब्रेकवर झुकते, तेव्हा पिस्टन सावकाश हलतो. खड्ड्यात चाक आपटतं तेव्हा पिस्टन कितीतरी पट वेगाने धावतो. आपल्याला सावकाश हालचालीत घट्टपणा हवा, म्हणजे गाडी वळणावर नीट बसते. वेगवान हालचालीत तेलाला वाट मिळायला हवी, म्हणजे खड्ड्याचा धक्का थेट बॉडीला लागत नाही. चांगल्या शॉकअपची किंमत असते ती याच झडपांच्या कामाची.

दुसरी गोष्ट दिशेची. चाक वर जातं तेव्हा शॉकअप दाबला जातो, हे कॉम्प्रेशन. स्प्रिंग त्याला परत ताणते, हे रिबाउंड. रस्त्याच्या गाडीत रिबाउंडचा विरोध सहसा कॉम्प्रेशनपेक्षा बराच जास्त ठेवतात, कारण दबलेली स्प्रिंग मोठ्या जोराने उसळते.

पण रिबाउंड अति केलं तर काय होतं? टोलनाक्याआधीच्या पांढऱ्या रंबल पट्ट्या आठवा. पहिल्या पट्टीवर चाक वर गेलं. खाली यायच्या आत दुसरी पट्टी आली. मग तिसरी. दर पट्टीला गाडी थोडी आणखी खाली बसते, शेवटी बंप स्टॉपच्या रबरावर टेकते आणि सस्पेन्शन उरतच नाही. गुळगुळीत ट्रॅकवर जो शॉकअप उत्तम वाटला, तोच परतीच्या हायवेवर असा वागू शकतो.

स्प्रिंगशी जुळवा

आता थोडा हिशोब. स्प्रिंगला किती आवर लागतो हे तिच्या कडकपणाच्या वर्गमुळावर ठरतं. स्प्रिंग दीडपट कडक केली, तर तोच परिणाम मिळवायला शॉकअपचा आवर सुमारे २२ टक्क्यांनी वाढवावा लागतो. म्हणजे कंपनीच्या शॉकअपवर नुसत्या कडक लोअरिंग स्प्रिंग टाकल्या, तर गाडी ट्रॅकला तयार होत नाही. ती आधीपेक्षा जास्त डुलते, फक्त जास्त जलद. आणि उलट, मूळ स्प्रिंगवर अति कडक शॉकअप टाकला तर चाक रस्त्याच्या उंचसखलपणामागे धावूच शकत नाही.

उंची कमी करायचा मोह टाळा, असं मी का म्हणतो? एस्टीमच्या पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट आहे. इथे शॉकअप हा सस्पेन्शनचा खांबच असतो, चाकाचा आडवा जोरही तो घेतो. गाडी फार खाली आणली की खालचा आर्म आडव्या रेषेच्या वर झुकतो आणि वळणावर टायर रस्त्याला सपाट ठेवणारा कोन बिघडत जातो. शिवाय शॉकअपची चाल कमी होते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८च्या मानकात गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, असं होतं. आपल्या गल्लीतला तसा असतो का, ते तुम्हीच पाहा.

एक नळी की दोन नळ्या

बहुतेक गाड्यांत कारखान्यातून ट्विन-ट्यूब येतात, म्हणजे नळीत नळी. स्वस्त, आरामदायी, आणि दगड लागून बाहेरची नळी थोडी चेपली तरी चालत राहतात. दोष असा की सतत जोरात हलले की तेलात हवा मिसळून फेस होतो आणि आवर सुटतो. गॅस भरलेल्या ट्विन-ट्यूबमध्ये हा फेस कमी होतो.

मोनोट्यूबमध्ये एकच नळी असते. तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन यांच्यामध्ये तरंगता पिस्टन असतो, त्यामुळे ते मिसळत नाहीत. उष्णताही थेट बाहेर जाते. पण नळी चेपली तर आतला पिस्टन अडकतो, आणि किंमत जास्त.

नावं हवी असतील तर : केवायबीचा एक्सेल-जी हा गॅसवाला ट्विन-ट्यूब, गॅस-अ-जस्ट हा मोनोट्यूब. बिल्स्टाइनचे बी६ मूळ उंचीसाठी आणि बी८ खाली आणलेल्या गाडीसाठी, दोन्ही मोनोट्यूब. कोनीच्या पिवळ्या स्पोर्ट शॉकअपमध्ये रिबाउंड कमी-जास्त करता येतं. आपल्याकडे गॅब्रिएल सगळीकडे मिळतात. तुमच्या मॉडेलला यातलं काय बसतं ते पार्ट नंबरवरूनच ठरवा, नावावरून नाही. एस्टीमवाल्यांनी तर खास लक्ष द्या. अमेरिकेत सुझुकी एस्टीम या नावाने विकली गेलेली गाडी म्हणजे आपली बलेनो. आपली एस्टीम बाहेर स्विफ्ट सेडान म्हणून ओळखली जाते. परदेशी दुकानात 'एस्टीम' शोधलंत तर भलताच स्ट्रट घरी येईल.

मग घ्यायचे कोणते?

वर्षातून एक-दोन ट्रॅक-डे : मूळ स्प्रिंग, नवे गॅस ट्विन-ट्यूब. उरलेले पैसे टायर, ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइलमध्ये घाला.

वर्षातून चार-सहा : मूळ उंचीचे मोनोट्यूब, किंवा रिबाउंड बदलता येणारे. ॲडजस्टेबल असतील तर सगळ्यात मऊवर सुरुवात करा, थोडं थोडं वाढवा, आणि गाडीचं डुलणं थांबलं की तिथेच थांबा. घरी निघताना परत मऊ करा.

कॉइलओव्हर : गाडी मुख्यतः ट्रॅकसाठीच ठेवायची ठरली असेल तरच.

बसवताना मेकॅनिकजवळ उभे राहा. वरचं माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप आणि धुळीचं कव्हर नवीन घ्या. जुन्या गाडीत खडखडाट अनेकदा त्यांचाच असतो. शॉकअप नेहमी जोडीने बदला. चकचकीत रॉडला पकड लावू देऊ नका. एक ओरखडा पडला की तो सील फाडत राहतो. रबरी बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना, नाहीतर बुश कायमचे पिळलेले राहतात. आणि शेवटी व्हील अलाइनमेंट, कारण स्ट्रट खोलला की कोन हललेला असतो.

बदलल्यावर पहिले काही दिवस ओळखीच्या रस्त्यावर चालवा, मगच ट्रॅकवर न्या. तुमची गाडी कोणती, रस्ते कसे आणि वर्षातून किती ट्रॅक-डे, हे तीन आकडे-तपशील लिहून पाठवलेत तर पुढच्या भागात त्यातल्याच एका गाडीचा हिशोब मांडू. तोवर टायरवर हात फिरवून बघा. शॉकअपची तब्येत तिथे लिहिलेली असते.