खरखर नेमकी कुठली? साउंड कार्ड घेण्याआधी आणि बसवताना

बऱ्याच बचत गटांकडे आता टेबलावरचा संगणक आहे. हिशेब आणि अर्ज तर त्यावर होतातच, हल्ली रेडिओसाठी आवाज भरायचं कामही त्यावरच होतं. कुणी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणते, कुणी सुईण जुने अनुभव सांगते. नंतर ऐकावं तर मागे सारखी खरखर. आजीचं वय पाहता ती ओवी पुन्हा मिळेलच असं नाही. दुकानदार म्हणतो, नवीन साउंड कार्ड टाका. टाकायचं का, ते आज पाहू.

मायक्रोफोन आपल्या आवाजाची विजेची लहर करतो. संगणकाला कळतात फक्त आकडे. साउंड कार्ड ती लहर सेकंदाला 44,100 किंवा 48,000 वेळा मोजतं आणि आकड्यांत उतरवतं. हे काम करणारा भाग आजकाल संगणकाच्या मदरबोर्डवर आधीच असतो. मागची गुलाबी खोबण मायक्रोफोनची, हिरवी स्पीकरची. अडचण एवढीच, की मायक्रोफोनची लहर फार क्षीण असते आणि डब्यात शेजारीच बाकीच्या भागांची विजेची धावपळ चाललेली असते. भरल्या बाजारात कानगोष्ट ऐकावी तसं होतं.

पण गटाचे पैसे काढण्याआधी खरखर कुठून येते ते शोधा. माउस हलवला, एखादी फाइल उघडली, की खरखर बदलत असेल तर ती डब्यातलीच. तोच मायक्रोफोन दुसऱ्या संगणकाला लावूनही आवाज तसाच आला, तर दोष मायक्रोफोनचा किंवा त्याच्या तारेचा. आणि एकसारखी जाड ‘घूंऽऽ’ ऐकू येत असेल तर आधी वायरमनला बोलवून अर्थिंग तपासा. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावते, तीच बहुतेक वेळा त्या घूंमध्ये ऐकू येते. अर्थिंगचा दोष नव्या कार्डाने जात नाही.

कार्ड घ्यायचंच ठरलं तर दोन वाटा आहेत. एक बाहेरून यूएसबीला लावायचं, दुसरं डब्याच्या आत बसवायचं. नुसता आवाज भरायचा असेल तर आमचं मत बाहेरच्या कार्डाकडे झुकतं. ते डब्यातल्या गोंगाटापासून लांब राहतं, उद्या लॅपटॉपलाही चालतं, आणि साधं कार्ड काहीशे रुपयांत मिळतं. मात्र सभेतला तीन पिनांचा मोठा मायक्रोफोन त्यात थेट बसत नाही. त्याच्यासाठी ऑडिओ इंटरफेस नावाची पेटी मागा. कंडेन्सर मायक्रोफोन असेल तर तिच्यात 48 व्होल्टची सोय हवी. पाकिटावरच्या 5.1 आणि 7.1 या आकड्यांना भुलू नका. ती स्पीकरची संख्या, सिनेमा बघणाऱ्यांच्या कामाची.

आतलं कार्ड एकदा बसलं की येताजाता कुणी उपटत नाही, हा त्याचा मोठा गुण. ते घ्यायला जाण्याआधी डबा उघडून मोबाइलवर फोटो काढा. जुन्या मदरबोर्डवर पीसीआयची लांब, बहुधा पांढरी खाच असते. नव्यांवर पीसीआय एक्स्प्रेसची आखूड खाच असते. एकाचं कार्ड दुसऱ्यात जात नाही. डबा अरुंद असेल तर कमी उंचीचं कार्ड लागतं. जुनं कार्ड स्वस्तात मिळत असलं, तरी आपल्या विंडोजसाठी त्याचा ड्रायव्हर आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

बसवायला एक स्क्रू ड्रायव्हर पुरतो. संगणक बंद करून विजेची तार काढा, मग चालू करायचं बटण एकदा दाबा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. नायलॉनच्या साडीने अंगावर स्थिर वीज साचते, त्या दिवशी सुती नेसा. धातूच्या बांगड्या उतरवा, मंगळसूत्र पदरात खोचा. डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच आत हात घाला. स्क्रू वाटीत ठेवा, नाहीतर एखादा हमखास पलंगाखाली जातो. खाचेसमोरची मागची पत्र्याची पट्टी काढा. कार्ड कडांना धरा, सोनेरी दातांना बोट लावू नका. सरळ, सारख्या दाबाने खाली बसवा. जात नसेल तर जोर करू नका, काढून पुन्हा नीट धरा. मग स्क्रू आवळा.

संगणक सुरू झाल्यावर ड्रायव्हर टाका. त्यानंतर आवाजाच्या सेटिंगमध्ये आवाज आत घेण्यासाठी आणि बाहेर सोडण्यासाठी नवीन कार्ड निवडा. हे राहिलं तर नवं कार्ड आत असूनही संगणक जुन्याच वाटेने आवाज घेत राहतो. मायक्रोफोनची पिनही मागे नव्या कार्डाच्या खोबणीत हवी.

आता ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये पंखा बंद करून एक मिनिट नुसती शांतता भरा, मग एक मिनिट बोला, आणि दोन्ही हेडफोन लावून ऐका. बोलताना आवाजाची पट्टी लाल टोकाला टेकता कामा नये. टेकली तर मायक्रोफोनची पातळी कमी करा, कारण फाटलेला आवाज मागून दुरुस्त होत नाही.