लाखांनी मोजायची गाणी

आजकालचा अल्बम आठ-दहा गाण्यांत आटोपतो आणि तेवढ्यावर कौतुक वर्षभर पुरतं. बीड जिल्ह्यातून मोजायला लागलं तर मात्र गाणी लाखांनी मोजावी लागतात, आणि तीही दोनदा.

पहिली मोजणी अंबाजोगाईची. संतकवी दासोपंतांच्या (१५५१-१६१५) ‘गीतार्णवा’त सव्वा लाख ओव्या असल्याचं परंपरा सांगते. ज्ञानेश्वरी नऊ हजारांच्या घरात, म्हणजे गीतेच्या एकाच टीकेत जवळपास चौदा ज्ञानेश्वऱ्या बसल्या. एकही दिवस खाडा न करता रोज दहा ओव्या लिहिल्या तरी चौतीस वर्षं लागतील. त्यांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागायची असं सांगतात. त्यांची ‘पासोडी’ म्हणजे चाळीस फूट लांब, चार फूट रुंद कापड, त्यावर पंचीकरण या वेदान्तातल्या विषयाच्या सुमारे १,६०० ओव्या. त्याच दाटीनं गीतार्णव कापडावर उतरवायचा तर ७८ पासोड्या हव्यात. एकीपुढे एक अंथरल्या की जवळजवळ एक किलोमीटर!

दुसरी मोजणी बायकांची. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या सामाजिक अभ्यासकांनी ऐंशीच्या दशकापासून महाराष्ट्रात खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं, तीन हजारांवर गाणाऱ्या आणि ओव्या लाखाच्या वर. या फेऱ्यांत १९९६ साली बीड जिल्ह्यातल्याच माजलगावच्या भीमनगरात ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा राधाबाई बोऱ्हाडे आणि त्यांच्या सोबतिणींनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गायल्या. २०१७ पासून ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) ही संस्था ओव्यांचा हा संग्रह लोकांसमोर आणते आहे.

एक ओवी आळवून गायला अर्धा मिनिट धरा. लाखभर ओव्या म्हणजे आठशे तासांच्या वर, न थांबता चौतीस-पस्तीस दिवस. पहाटे रोज दोन तास दळण धरलं तर चौदा महिन्यांच्या आसपास. यातला प्रत्यक्ष आवाज मुद्रित झाला तो १२० तासांच्या आसपास, बाकी सगळं कागदावर. आकडा मोठा, पण मला हळहळ वाटते ती या उरलेल्या तासांची. ओवी वाचणं म्हणजे बिनमिठाची भाकरी खाणं.

आणि ऐकणाऱ्यांचं काय? इथे ऐकणारी समोरच बसलेली असायची. जात्याच्या दोन बाजूंना दोघी, एकाच खुंट्यावर दोघींचे हात. एकीनं पाळूच्या तोंडात घास टाकत पहिली ओळ म्हणायची आणि दुसरीनं ती उचलायची. उचलली, घोळवली, पुढे आपली जोडली, की झाली दाद. नाही उचलली तर ओवी तिथेच पिठात गेली. सासूच्या छळाची, माहेरच्या भावाची, माजलगावात भीमाची ओवी या परीक्षेतून पार पडली म्हणूनच दुसऱ्या गावात पोचली. मग लाखभर ओव्या म्हणजे किमान लाखभर दादही मोजायला हवी, आणि ती कुणी मोजलेली नाही. अंथरुणात अर्धवट जागी पोरं ऐकत असायची, त्यांचा हिशेब तर वेगळाच.

दासोपंतांना पानावर नाव मिळालं. जात्यावरच्या ओव्या रचणाऱ्यांना रचल्याचा मान नव्हता. कुणाला विचारलं तर ‘आईकडून आली’ इतकंच. त्यामुळे कोणती ओवी कुणाची हे शोधायला जाऊ नये. त्यातून एकच ओवी चार गावांत चार फरकांनी भेटते, तेव्हा बेरीज करताना थोडी वजाबाकीही करावी लागते.

तरीही गणित करून बघाच. हजारभर गावांत लाखभर ओव्या, म्हणजे गावाला शंभर. महाराष्ट्रात गावं चाळीस हजारांवर. त्याच दरानं चाळीस लाख, त्यातून निम्म्या सारख्या म्हणून वजा केल्या तरी वीस लाख उरतात. आणि संग्राहक गावात पोचण्याआधी पिठाची चक्की बऱ्याच ठिकाणी पोचली होती, त्यामुळे गावाला शंभर हा दरही कमीच धरलेला.