भुयारी रेल्वे : सुखद प्रवासाचे गणित बोगद्यात

नंदुरबार जिल्ह्यातील शहादा-लोणखेडा परिसरातून रात्रभराचा प्रवास करून मुंबई सेंट्रलला उतरणाऱ्या माणसाला आता तेथूनच जमिनीखालून विधान भवन गाठता येते. आरे ते कफ परेड हा मुंबईतील पहिला भुयारी मेट्रो मार्ग तीन टप्प्यांत खुला झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिला व मे २०२५ मध्ये दुसरा टप्पा सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये हा सुमारे साडेतेहतीस किलोमीटरचा, २७ स्थानकांचा मार्ग पूर्ण झाला. लोकलच्या गर्दीला सरावलेल्या प्रवाशाला या गाडीतील गारवा आणि शांतता सुखावून जाते. पण भुयारी गाडी सुखद कशामुळे होते? जगातील निरनिराळ्या शहरांच्या गाड्या शेजारी ठेवून पाहिल्या तर याचे उत्तर डब्यात कमी आणि बोगद्यात अधिक सापडते.

लंडनचा धडा

जगातील पहिली भुयारी रेल्वे १८६३ मध्ये लंडनमध्ये सुरू झाली. त्या गाड्या वाफेच्या इंजिनावर चालत. धुराला वाट हवी म्हणून रस्ता खोदून, त्यावर छत घालून ऐसपैस बोगदे बांधले गेले. १८९० मध्ये विजेवर चालणारी गाडी आली. धुराचा प्रश्न मिटला, तेव्हा खर्च वाचविण्यासाठी खोल जमिनीत अरुंद, नळीसारखे बोगदे खोदण्यात आले. पुढे रूढ झालेल्या अशा बोगद्यांचा व्यास जेमतेम साडेतीन मीटर असतो. त्यांतून धावणारे डबे सुमारे २.६ मीटर रुंद असून त्यांची भिंत वर आत वळलेली असते. दाराशी उभ्या असलेल्या उंच माणसाला तेथे मान वाकवावी लागते.

या बचतीची किंमत शतकानंतरही मोजावी लागते आहे. जुन्या, प्रशस्त मार्गांवर २०१० पासून वातानुकूलित गाड्या आल्या. खोल मार्गांवरील डब्यांत मात्र वातानुकूलन यंत्र बसवायला जागा नव्हती आणि त्या यंत्राने बाहेर टाकलेली उष्णता जाणार कोठे, हाही प्रश्न होता. बोगद्याभोवतीच्या चिकणमातीने गाड्यांची उष्णता वर्षानुवर्षे शोषून घेतल्यामुळे उन्हाळ्यात तेथील प्रवास घामाघूम करणारा ठरतो.

भारतातील पहिली भुयारी रेल्वे कोलकात्यात १९८४ मध्ये सुरू झाली. तेथे बोगद्यात थंड केलेली हवा सोडण्याची व्यवस्था होती आणि डब्यांत पंखे होते. वातानुकूलित गाड्या तेथे २०१० मध्ये आल्या, तर शेवटची पंख्यांची गाडी २०२१ मध्ये निवृत्त झाली. बोगदा प्रशस्त असल्याने हा बदल शक्य झाला. मुंबईच्या बोगद्यांचा आतील व्यास साडेपाच मीटरहून अधिक आहे. त्यामुळे डोक्यावरून वीजवाहक तार नेऊनही ३.२ मीटर रुंदीचा डबा त्यातून सहज जातो.

रबर की पोलाद?

पॅरिसने १९५६ मध्ये आपल्या अकराव्या मार्गावर रबरी टायरच्या गाड्या आणल्या. माँट्रियलची १९६६ मध्ये सुरू झालेली मेट्रो तर पूर्णपणे याच पद्धतीची आहे. रबराची पकड चांगली असल्याने गाडी वेग चटकन घेते, चढ सहज चढते आणि रुळांचा खडखडाटही कमी होतो. मात्र टायरच्या घर्षणात ऊर्जा अधिक खर्च होते आणि तिची उष्णता बोगद्यातच राहते. आपल्यासारख्या उष्ण हवेच्या शहराला हा सौदा महाग पडला असता.

मुंबईने पोलादी चाकेच ठेवली आणि हादऱ्यांवर उपाय रुळाखाली केला. रबरी वेष्टनात बसविलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर तेथील रूळ टेकलेले आहेत. गिरगाव आणि फोर्ट भागातील जुन्या इमारतींना धक्का पोहोचू नये, हा यामागील मुख्य उद्देश होता. प्रवाशालाही त्याचा लाभ मिळतो.

बसावे की उभे राहावे?

लोकलमध्ये आडवी, समोरासमोर बाके असतात. गाडीने ब्रेक लावला तरी पाठीला आधार मिळतो. मेट्रोत आसने खिडक्यांना पाठ करून उभ्या रांगेत असतात. त्यामुळे मधली जागा मोकळी राहते, चढउतार लवकर होते. पण वेग घेताना वा थांबताना बसलेला माणूस बाजूला कलतो आणि त्याचा त्रास वृद्धांना अधिक होतो. मुंबईच्या आठ डब्यांच्या गाडीत सुमारे अडीच हजार प्रवासी मावतात, ते बहुसंख्य प्रवासी उभे राहतात म्हणूनच.

याला पर्याय आहेत. लंडनच्या मेट्रोपॉलिटन मार्गावर काही आसने आडवी ठेवली आहेत, कारण तेथील प्रवासी लांबचे असतात. दिल्लीच्या विमानतळ मार्गावर आडवी गादीची आसने आणि सामानासाठी जागा आहे. अंतर आणि प्रवासी पाहून आसनरचना ठरावी, हे तत्त्व त्यामागे आहे. ट्रंक आणि पिशव्या घेऊन बाहेरगावाहून आलेल्या माणसाचा विचार प्रत्येक मार्गावर थोडा तरी व्हायला हवा.

फलाटावरील भिंत

सुखद प्रवासाची सुरुवात फलाटावर होते. सिंगापूरने १९८७ मध्येच भुयारी स्थानकांत फलाटाच्या कडेला काचेची भिंत आणि सरकते दरवाजे बसविले. मुंबईच्या भुयारी स्थानकांतही असे पूर्ण उंचीचे दरवाजे आहेत. गाडी येताना पुढे ढकललेल्या हवेचा झोत अंगावर येत नाही, स्थानकातील गारवा बोगद्यात निसटत नाही आणि तोल जाऊन रुळांवर पडण्याचे भय उरत नाही. लहान मुले आणि दृष्टिहीन प्रवासी यांच्या दृष्टीने ही सोय गादीच्या आसनापेक्षा कितीतरी मोलाची आहे.

पुढील शंभर वर्षांसाठी

डबे तीसेक वर्षांनी बदलता येतात, आसने त्याही आधी. बोगद्याचा व्यास, फलाटाची लांबी आणि स्थानकाची खोली मात्र एकदा ठरली की पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहते. पुण्यात स्वारगेट ते कात्रज या सुमारे साडेपाच किलोमीटरच्या भुयारी मार्गाला केंद्र सरकारने २०२४ मध्ये मंजुरी दिली. अशा मार्गांची चर्चा बहुधा खर्च आणि मुदत यांभोवतीच फिरते. नागरिकांनी आणखी काही प्रश्न विचारायला हवेत : फलाट किती डब्यांचा आहे? उद्वाहने किती आहेत? रस्त्यापासून गाडीपर्यंत वृद्ध माणसाला किती चालावे लागेल? हे प्रश्न आराखडा कागदावर असतानाच विचारायचे असतात. एकोणिसाव्या शतकात वाचविलेल्या पैशांसाठी लंडनकर आजही घाम गाळत आहेत.