शहरी पावसाचे पाणी, जड धातू आणि गाळातील कीटकांची साक्ष

चैत्र-वैशाखात कोलकात्यावर कालबैशाखीची पहिली सर कोसळते, तेव्हा महिनोन् महिने रस्त्यांवर, छपरांवर आणि गटारांत साचलेली धूळ काही तासांत धुऊन निघते. शहर स्वच्छ होते. परंतु ती धूळ नाहीशी होत नाही. या महानगराच्या जुन्या भागातील गटारे सांडपाणी आणि पावसाचे पाणी एकत्रच वाहून नेतात. हे पाणी पूर्वेकडे जाणाऱ्या कालव्यांत उतरते. त्यांपैकी एक कालवा कोरड्या ऋतूतील प्रवाहासाठी, तर दुसरा पावसाळी प्रवाहासाठी बांधलेला आहे. पुढे हेच पाणी पूर्व कोलकाता पाणथळ क्षेत्रातील मत्स्यतलावांना, भातशेतीला आणि धापा परिसरातील भाजीपाल्याला मिळते. सुमारे 12,500 हेक्टरांच्या या क्षेत्राला 2002 मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. शहराचे पाणी येथे मासे आणि भाजी होऊन शहरातच परत जाते. त्या पाण्याबरोबर जड धातूही परत जातात का, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

धातू येतात कोठून?

जड धातू म्हटले की कारखान्याचे सांडपाणी आठवते. पावसाच्या पाण्यातील धातूंचा उगम मात्र पुष्कळदा अगदी सामान्य वस्तूंत असतो. वाहनांच्या टायरच्या रबरात साधारण 1 ते 2 टक्के जस्त ऑक्साइड असते. टायर झिजतो तसे जस्त रस्त्यावर उतरते. ब्रेकच्या अस्तरातून तांबे झडते. जस्तलेपित पत्र्यांवरून ओघळणारे पाणी जस्त आणि त्याच्यासोबत अल्प प्रमाणात कॅडमियम आणते. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री फेब्रुवारी 2000 पासून थांबली आणि घरगुती रंगांतील शिशावर नोव्हेंबर 2017 पासून 90 पीपीएमची मर्यादा आली. तरीही रस्त्याकडेच्या मातीत पूर्वी साचलेले शिसे अद्याप आहे, कारण धातूचे विघटन होत नाही. कोलकात्याच्या बाबतीत चर्मोद्योगातील क्रोमियमची भर पडते. शहरातील चर्मालये बानतला येथे हलविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये दिला होता.

हे धातू मुख्यतः बारीक मातीच्या कणांना चिकटून प्रवास करतात. त्यामुळे दीर्घ कोरड्या काळानंतरच्या पहिल्या पावसाचे, त्यातही पहिल्या लोंढ्याचे पाणी सर्वांत दूषित असते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही एकच गोष्ट लक्षात राहिली, तरी बराच धोका टळतो.

शिसे आणि कॅडमियम: दोन वेगळे स्वभाव

जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या सिंचन-पाण्याच्या मार्गदर्शक मर्यादांत शिशासाठी लिटरला 5 मिलिग्रॅम, तर कॅडमियमसाठी केवळ 0.01 मिलिग्रॅम हा आकडा दिलेला आहे. ही तफावत पाचशे पटींची आहे. शिसे कमी विषारी आहे, असा तिचा अर्थ नव्हे. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचे परिणाम गंभीर असतात. फरक मातीतील वर्तनाचा आहे. शिसे मातीच्या कणांना घट्ट धरून राहते आणि मुळांतून वर फारसे चढत नाही. भाजीवर ते बहुधा धुळीच्या रूपाने येते. कॅडमियम मात्र झाडाला काहीही अपाय दिसण्यापूर्वीच पानांत पोहोचते. हिरवागार, टवटवीत पालक म्हणजे निर्दोष पालक, हे समीकरण येथे चुकते. खाणाऱ्याच्या मूत्रपिंडात कॅडमियम अनेक दशके साठून राहते. म्हणूनच कोडेक्स मानकांनुसार पालेभाजीत किलोमागे कॅडमियम 0.2 आणि शिसे 0.3 मिलिग्रॅमहून अधिक असू नये.

कीटक काय सांगतात?

पाण्याचा नमुना त्या क्षणाची स्थिती दाखवितो. गाळात राहणारा कीटक मात्र आठवड्यांचा आणि महिन्यांचा हिशेब देतो. काइरोनोमस प्रजातीतील न चावणाऱ्या, डासासारख्या माशीच्या लाल अळ्या शहरी नाल्यांच्या गाळात विपुल आढळतात. त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असल्याने त्या अत्यल्प प्राणवायूतही तग धरतात आणि माशांचे त्या आवडते खाद्य आहेत. गाळात धातूंचे प्रमाण वाढले की या अळ्यांच्या मुखावरील दंतुर पट्टीत विकृती वाढतात: दात गळतात, जोडले जातात किंवा जादा उगवतात. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली हा बदल ओळखता येतो. मेफ्लायची पिल्ले याउलट धातूंना फार संवेदनशील असतात आणि आधीच नाहीशी होतात.

ही साक्ष वाचताना सावधगिरी हवी. केवळ लाल अळ्यांचीच गर्दी दिसली, तर तो प्रथम सेंद्रिय प्रदूषणाचा आणि प्राणवायूच्या अभावाचा संकेत समजावा. पाणी नितळ आहे, प्राणवायूही पुरेसा आहे आणि तरीही मेफ्लायची पिल्ले गायब आहेत, असे दिसल्यास धातू किंवा कीटकनाशके यांचा संशय घ्यावा. कीटक धोक्याची सूचना देतात. कोणता धातू आणि किती, हे प्रयोगशाळाच सांगते.

शेतातही हीच साखळी चालते. दूषित झाडाचा रस शोषणाऱ्या माव्यात कॅडमियम आणि जस्त उतरतात आणि मावा खाणाऱ्या ढालकिड्यांपर्यंत पोहोचतात. शहरालगतच्या भाजीपट्ट्यात मित्रकीटकांची संख्या घटलेली आढळल्यास फवारणीच्या नोंदींबरोबर पाण्याचा स्रोतही तपासावा.

मृदा आरोग्य पत्रिकेतील उणीव

मृदा आरोग्य पत्रिकेतील 12 घटकांत जस्त आणि तांबे आहेत. शिसे, कॅडमियम व क्रोमियम नाहीत. शिवाय तेथील जस्त व तांबे हे पिकाला कमतरता आहे का, हे पाहण्यासाठी मोजलेले असतात. पत्रिका चांगली आली, म्हणून जमीन धातुमुक्त आहे असा निष्कर्ष विस्तार कार्यकर्त्यांनी काढू नये. शहरी नाल्यावर भिजणाऱ्या क्षेत्रासाठी अ‍ॅटॉमिक अब्सॉर्प्शन स्पेक्ट्रोफोटोमीटर असलेल्या प्रयोगशाळेकडे या धातूंची वेगळी मागणी नोंदवावी.

शेतकऱ्यांनी काय करावे?

* हंगामातील पहिल्या एक-दोन मोठ्या पावसांचे नाल्याचे पाणी शेतात किंवा तळ्यात घेऊ नये.
* नंतरचे पाणीही थेट न देता साठवण तळ्यात संथ ठेवून वरचे निवळलेले पाणी वापरावे. तळाशी बसलेला गाळ तपासणीशिवाय शेतात पसरू नये.
* जलपर्णी पाण्यातील धातू शोषते. ती वेळोवेळी काढणे उपयुक्त आहे. मात्र तिचे कंपोस्ट करून भाजीच्या वाफ्यात घातल्यास काढलेला धातू परत येतो.
* कॅडमियमचा संशय असलेल्या क्षेत्रात पालक, माठ यांसारख्या पालेभाज्यांऐवजी भेंडी, दुधी, टोमॅटो, शेंगभाज्या किंवा फुलझाडे घ्यावीत. फळांत धातू तुलनेने कमी उतरतात.
* आम्लधर्मी जमिनीत चुना आणि सर्वत्र सेंद्रिय खत दिल्यास धातूंची उपलब्धता घटते. बंगालच्या आम्लधर्मी किंवा कोकणाच्या जांभ्या जमिनीसाठीचा चुन्याचा सल्ला दख्खनच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीला तसाच लावू नये.
* भाजी स्वच्छ पाण्याने धुवावी. त्यामुळे धुळीतील शिसे कमी होते. पानाच्या आत गेलेले कॅडमियम जात नाही.

बंदी आणि मौन यांच्या मधला मार्ग

दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी 2015 मध्ये यमुनेच्या पूरमैदानावर खाद्य पिके घेण्यास मनाई केली. आरोग्याच्या दृष्टीने त्यामागील चिंता रास्त होती. परंतु धातू शहराने सोडले आणि पीक शेतकऱ्याचे थांबले. पूर्व कोलकात्यातही हाच पेच आहे. तेथील जमीन विषारी ठरविली, तर शेती उठेल आणि त्या जागेवर इमारती उभ्या राहतील. मौन पाळले, तर किंमत खाणारी मुले मोजतील.

तेथील मच्छीमारांची जुनी पद्धत या पेचात काही शिकवते. हिवाळ्यात तळे उपसून वाळविणे, गाळ काढणे, चुना टाकणे, नवे पाणी घेतल्यावर काही काळ थांबणे आणि मगच बीज सोडणे, ही कामे धातूंच्या रसायनशास्त्राशी सुसंगत आहेत. गाळ हटतो, चुन्याने धातू अविद्राव्य होतात, स्थिर पाण्यात कण तळाशी बसतात. या अनुभवाला वर्षातून दोनदा गाळातील कीटकांच्या पाहणीची आणि एकदा प्रयोगशाळेच्या अहवालाची जोड मिळाली, तर कोणते तळे व कोणते शेत सुरक्षित आहे आणि कोठे पीक बदलावे लागेल, हे पुराव्यानिशी सांगता येईल. तोच अहवाल हाती घेऊन शेतकरी महानगरपालिकेकडे नाल्यांतील गाळ पावसापूर्वी काढण्याची मागणीही करू शकेल. पहिली पाहणी पुढच्या पहिल्या पावसाआधी झाली पाहिजे.