जायफळापायी उजाड झालेली बेटं

पुरणात आणि श्रीखंडात किसून घालायचं जायफळ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत साऱ्या जगाला जवळजवळ एकाच ठिकाणाहून मिळत असे. ते ठिकाण म्हणजे इंडोनेशियाच्या मालुकु प्रांतातली बांदा बेटं.

सुलावेसी आणि न्यू गिनी यांच्यामध्ये पसरलेल्या या प्रांतात हजाराहून अधिक बेटं आहेत, तरी त्याचा बहुतेक भाग समुद्रच आहे. सेराम हे सर्वांत मोठं बेट. राजधानीचं शहर आंबोन त्याच्या शेजारच्या लहान बेटावर वसलंय. दक्षिणेला बांदा समुद्र. भूकवचाचे तुकडे इथे एकमेकांना रेटतात, म्हणून एकीकडे ७,००० मीटरहून खोल दरी, तर दुसरीकडे पाण्यातून वर आलेले ज्वालामुखी. त्यांतला बांदाचा गुनुंग आपी १९८८ मध्ये भडकला होता.

ज्वालामुखीची सुपीक माती, भरपूर पाऊस आणि दमट हवा जायफळाला मानवते. कनारीच्या उंच झाडांच्या सावलीत या बागा वाढतात. फळ जर्दाळूसारखं पिवळसर. पिकलं की ते मधोमध उकलतं आणि आतल्या काळसर कवचाभोवती लालभडक जाळी दिसते, तीच जायपत्री. तोडणीसाठी लांब बांबूच्या टोकाला विणलेली टोपली बांधतात. तिच्या दात्यांत देठ अडकवून हिसका दिला की फळ अलगद टोपलीत पडतं. मग जायपत्री सोडवून उन्हात घालतात आणि बिया मंद धुरावर सुकवतात. आतलं जायफळ खुळखुळायला लागलं की कवच फोडायचं. फळाचा आंबट गरही वाया जात नाही, त्याचा जॅम आणि मिठाई होते.

हा माल जावा, मलाक्का, अरबस्तान असे हात बदलत युरोपात पोचेपर्यंत त्याचा भाव कित्येक पटींनी चढे. तो थेट उगमाशीच घ्यावा म्हणून १५१२ मध्ये पोर्तुगीज बांदाला आले, मागोमाग डच आणि इंग्रज. बांदात राजा नव्हता. ‘ओरांग काया’ म्हणजे गावोगावचे मातबर कारभार पाहत आणि येईल त्या व्यापाऱ्याला माल विकत. डच ईस्ट इंडिया कंपनीला नेमकं हेच नको होतं. तिला सगळं जायफळ एकटीला, आपण ठरवू त्या भावाने हवं होतं.

१६२१ मध्ये कंपनीचा गव्हर्नर-जनरल यान कून आरमार घेऊन बांदावर चालून आला. ४४ मातबरांना भाडोत्री जपानी सैनिकांकरवी ठार करण्यात आलं. इतिहासकारांच्या अंदाजानुसार बेटांवर तेव्हा सुमारे १५,००० माणसं होती, त्यांतली जेमतेम हजारभर मागे उरली. बाकीचे मारले गेले, उपासमारीने गेले, गुलाम म्हणून जावाला नेले गेले किंवा होड्यांतून निसटले. रिकाम्या झालेल्या जमिनीचे ६८ तुकडे पाडून कंपनीने ते आपल्या माणसांना दिले. राबायला बाहेरून गुलाम आणले.

इंग्रजांनी बांदातल्या जेमतेम तीन किलोमीटर लांबीच्या रुन बेटावर हक्क सांगितला होता. १६६७ च्या ब्रेडा तहात त्यांनी तो सोडला. त्याच तहाने न्यूयॉर्कचं मॅनहॅटन त्यांच्याकडे राहिलं.

ही मक्तेदारी मोडली ती रोपांच्या चोरीने. १७७० च्या सुमारास फ्रेंच अधिकारी प्येर प्वाव्र याने मालुकुतली रोपं मॉरिशसला पळवली. पुढे नेपोलियनच्या युद्धांच्या धामधुमीत इंग्रजांनी बांदा ताब्यात घेतलं आणि रोपं पेनांग, श्रीलंका अशी दूरवर नेली. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडाच्या राष्ट्रध्वजावर आज जायफळ आहे. आपल्या कोकणातही नारळ-सुपारीच्या बागांत जायफळ घेतात.

बांदाचं व्यापारी महत्त्व ओसरल्यावर डचांनी या दूरच्या बेटांवर राजकीय कैदी धाडले. मोहम्मद हट्टा आणि सुतान शहरीर यांना १९३६ मध्ये इथे आणलं गेलं. स्वतंत्र इंडोनेशियाचे ते पुढे अनुक्रमे उपराष्ट्रपती आणि पंतप्रधान झाले. दोघांच्या नावांची बेटं आज बांदात आहेत.

आजचे बांदाकर बहुतांशी नंतर आणलेल्या आणि आलेल्या लोकांचे वंशज आहेत. ते मलायची एक बोली बोलतात. १६२१ मध्ये होड्यांतून निसटलेल्यांपैकी काही जण पूर्वेकडच्या केई बेटांवर पोचले. बांदाची मूळ भाषा आता त्यांच्या वंशजांच्या बांदा एली आणि बांदा एलात या दोन गावांतच ऐकू येते.